पोहणाऱ्या लवचीक शरीरावरचं पाण्याचं बल: सिम्युलेशनमध्ये मोजताना कुठे चुकतं आणि कोणत्या क्रमाने जायचं

एम.टेक.च्या प्रोजेक्टची तारीख जवळ आली की नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या घरी कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतंच. पडद्यावर मासा झकास पोहत असतो, मागे भोवऱ्यांची माळ सुटलेली असते. बल किती आलं विचारलं की आकडा तयार असतो. हे बल कोणाचं, कोणावर, त्यात शरीराच्या आतलं पाणी धरलं की नाही, असं विचारलं की मात्र शांतता. कोड कधीच ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही, काहीतरी छापतोच. त्यामुळे चूक शेवटपर्यंत दिसत नाही.

हे मार्गदर्शन इमर्स्ड बाउंडरी पद्धत वापरणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ग्रिड (पाण्याची जागा छोट्या सेलमध्ये वाटणारी जाळी) स्थिर असते आणि शरीर तिच्यातून सरकतं. शरीराला चिकटलेली, त्याच्यासोबत वाकणारी मेश वापरत असाल तर टप्पा ७, ८, ९ आणि ११ मधला आतल्या पाण्याचा हिशोब सोडा, बाकी बहुतेक सगळं तसंच लागू आहे.

## टप्पा १: प्रश्न कोणता, ते आधी कागदावर लिहा

‘मासा पोहतोय’ या दोन शब्दांत तीन वेगळे प्रश्न लपलेले आहेत.

पहिला: मासा एका जागी बांधलेला, हालचाल ठरवून दिलेली, समोरून प्रवाह. दुसरा: शरीर कसं वाकणार ते ठरलेलं, पण पुढे किती जाणार आणि किती वळणार ते पाणी ठरवणार. तिसरा: शरीर खरोखर लवचीक, म्हणजे वाकणंसुद्धा पाण्याच्या आणि शरीराच्या ताणातूनच ठरणार.

बल मोजायची रीत तिन्हींत वेगळी आहे. पहिल्यात सरासरी बल सहसा शून्य नसतं. दुसऱ्यात वेग स्थिरावल्यावर ते शून्यच असलं पाहिजे. तिसऱ्यात बल चुकलं की शरीराचा आकारच चुकतो, मग त्या चुकीच्या आकारावरून पुढचं बल. पहिल्यांदाच करत असाल तर पहिल्यापासून सुरू करा. थेट तिसऱ्यावर उडी मारणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

## टप्पा २: कोड उघडण्याआधीचे आकडे

समजा १० सेंटीमीटरचा मासा सेकंदाला एक शरीरलांबी या वेगाने जातोय. पुस्तकातली पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) बहुतेक वेळा २० अंशांची असते. तिने रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले लांबी, भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी) १०,००० येतो. आपल्याकडे तलावाचं पाणी ३० अंशांवर सहज जातं. तिथे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी साधारण ०.८ गुणिले १० चा उणे ६ वा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. त्याच माशाचा रेनॉल्ड्स नंबर १२,५०० होतो. प्रयोगाशी तुलना करणार असाल तर हा २५ टक्क्यांचा फरक आधी मिटवा.

आता सीमास्तराची, म्हणजे शरीरालगत वेग झपाट्याने बदलतो त्या पाण्याच्या थराची, जाडी. लांबी भागिले रेनॉल्ड्स नंबरचं वर्गमूळ हा तिचा ढोबळ अंदाज. १२,५०० ला ती जेमतेम ०.९ मिलिमीटर. तिच्यात दहा सेल बसवायचे तर शरीराच्या लांबीत अकराशेहून जास्त सेल लागतील. १,००० ला हीच जाडी ३.२ मिलिमीटर होते आणि तीनशे-सव्वातीनशे सेलमध्ये भागतं. म्हणून सुरुवात १,००० वर करा.

तपासणी: माशांचा स्ट्राउहाल नंबर (शेपटीची वारंवारता गुणिले तिच्या हालचालीची रुंदी, भागिले वेग) बहुधा ०.२ ते ०.४ मध्ये सापडतो, पण तो मोठ्या रेनॉल्ड्स नंबरचा पट्टा आहे. १,००० च्या आसपास मोकळ्या पोहण्यात तो याहून जास्त आला तर लगेच कोड फाडायला घेऊ नका. कमी रेनॉल्ड्स नंबरला तो वाढतोच.

## टप्पा ३: शरीर उभं करणं

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, आणि ते बलाच्या आलेखात दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नेहमीचा मार्ग असा: शरीराच्या मध्यरेषेवर डोक्याकडून शेपटीकडे सरकणारी लाट द्यायची, तिचा आयाम शेपटीकडे वाढत न्यायचा. वाम किंवा ईलसारख्या लांबट माशासाठी पूर्ण अंग वळवळतं. रोहूसारख्यासाठी आयामाचं प्रचलित सूत्र ०.०२ वजा ०.०८२५ गुणिले अंतर अधिक ०.१६२५ गुणिले अंतराचा वर्ग असं आहे, सगळं शरीरलांबीच्या प्रमाणात. शेपटीला ते ०.१ देतं, नाकाला ०.०२.

चूक इथे होते: ‘अंतर’ म्हणून सरळ आडवा अक्ष घेतला जातो. मग लाट जितकी उंच तितकी मध्यरेषा ताणली जाते. सगळीकडे ०.१ आयाम आणि एक शरीरलांबी तरंगलांबी धरली तर रेषा सुमारे ९ टक्के लांब होते. मासा रबराचा होतो. अंतर हे मध्यरेषेवरूनच मोजायचं. सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक ठिकाणची वक्रता ठरवा, तिच्यावरून कोन काढा आणि कोनावरून बिंदू एकेक करून पुढे मांडत जा. मग लांबी आपोआप कायम राहते.

मध्यरेषा झाली की तिला काटकोनात दोन्ही बाजूंनी जाडी चढवा. वक्रतेची त्रिज्या अर्ध्या जाडीपेक्षा लहान झाली तर आतल्या बाजूचे बिंदू एकमेकांना ओलांडतात. वळणावर शर्टाच्या शिवणीला पडते तशी सुरकुती दिसेल.

दुसरी चूक वेगाची. पहिल्या आवर्तनात आयाम शून्यापासून हळूहळू वाढवता ना? त्या वाढीचा स्वतःचा एक वेग असतो. स्थान काढताना वाढ धरली आणि वेग काढताना विसरली, की सीमा एका वेगाने सरकते आणि पाण्याला दुसराच वेग सांगितला जातो. वेग वेगळ्या सूत्राने काढण्यापेक्षा दोन टाइमस्टेपमधल्या (गणना एका वेळी जितकी पुढे सरकते तो छोटा कालखंड म्हणजे टाइमस्टेप) स्थानांच्या फरकाने काढा, म्हणजे हा घोळच नको.

तपासणी: एका पूर्ण आवर्तनभर मध्यरेषेची लांबी आणि शरीराचं क्षेत्रफळ छापा. क्षेत्रफळ हजारात एकापेक्षा जास्त हलत असेल तर पुढे जाऊ नका. न दबणाऱ्या पाण्यात फुगणारं शरीर म्हणजे दाबाचे खोटे झटके.

## टप्पा ४: निर्वात चाचणी

फक्त मोकळ्या पोहण्यासाठी, पण तिथे अनिवार्य. पाणी काढून टाका. बल शून्य, आघूर्ण शून्य. आता माशाला वळवळू द्या.

वस्तुमानकेंद्र जागचं हललं तर तुम्ही दिलेल्या वळवळण्यातच संवेग दडलेला आहे. मासा पाण्याला न ढकलताच पुढे जातोय किंवा स्वतःभोवती फिरतोय. सूत्राने दिलेली लाट नाकाच्या किंवा एखाद्या ठरावीक बिंदूच्या संदर्भात असते, वस्तुमानकेंद्राच्या नाही, म्हणून हे होतं.

उपाय प्रत्येक टाइमस्टेपला: वळवळण्याच्या वेगातून सरासरी सरळ वेग वजा करा. मग वस्तुमानकेंद्राभोवतीचा कोनीय संवेग काढा, तो त्या क्षणाच्या जडत्व आघूर्णाने भागा, येणारं फिरणंही वजा करा. ‘त्या क्षणाच्या’ हे दोनदा वाचा. वाकलेल्या माशाचं जडत्व आघूर्ण सरळ माशाइतकं नसतं. फिरण्याचं समीकरण लिहिताना जडत्व आघूर्ण बाहेर काढून नुसत्या कोनीय त्वरणाने गुणू नका. जडत्व आघूर्ण आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराचा बदल घ्या.

## टप्पा ५: ग्रिड, पेटी, सुरुवात

शेपटीकडे शरीर निमुळतं होतं आणि थ्रस्टचा, म्हणजे पुढे ढकलणाऱ्या बलाचा, मोठा भाग तिथेच तयार होतो. तिथली जाडी चार-पाच सेलपेक्षा कमी पडली तर शेपटी ग्रिडला दिसतच नाही. टोक थोडं बोथट ठेवा. पेटीच्या (गणनेत धरलेल्या पाण्याच्या जागेच्या) भिंती शरीरापासून निदान चार-पाच लांबी दूर हव्यात, मागे त्याहून जास्त.

टाइमस्टेपबद्दल एक उलटी गोष्ट. बलाच्या आलेखावर बारीक करवती दात दिसले की सगळे टाइमस्टेप कमी करतात. शरीराची कडा तीक्ष्ण ठेवणाऱ्या पद्धतींत हे दात शरीर सरकताना सेल कोरडे-ओले झाल्याने, म्हणजे शरीरात गेल्याने किंवा बाहेर आल्याने, येतात, आणि टाइमस्टेप लहान केला की ते वाढतात. ग्रिड बारीक करा, दात कमी होतील. पसरट कडेच्या पद्धतीत हा त्रास मुळात कमी असतो. आलेख गुळगुळीत करणारा फिल्टर लावून दात झाकू नका. अहवाल वाचणाऱ्याला तो फिल्टर दिसतो.

नागपूरकरांसाठी आणखी एक. मे महिन्यात दुपारी वीज गेली, रन मधेच तुटला, रीस्टार्ट केला, आणि नेमक्या त्या क्षणी बलात उंच सुळका. मी दोन संध्याकाळी भोवऱ्यांत कारण शोधत होतो. कारण साधं होतं: रीस्टार्टच्या फाइलमध्ये पाण्याचा वेग आणि दाब साठवला होता, शरीराच्या जागेतल्या पाण्याच्या संवेगाची (टप्पा ७ बघा) मागच्या स्टेपची किंमत नव्हती. फरक शून्यापासून काढला गेला. ती किंमतही साठवा. आणि कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका.

## टप्पा ६: माशाआधी सिलिंडर

दोन चाचण्या, दोन्ही एका रात्रीत होतात.

पहिली, स्थिर सिलिंडर, रेनॉल्ड्स नंबर १००. ड्रॅगचा (मागे ओढणाऱ्या बलाचा) गुणांक १.३३ ते १.३५ च्या आसपास, स्ट्राउहाल नंबर (इथे भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) ०.१६५ च्या आसपास. गुणांक बराच जास्त आला तर आधी पेटीची रुंदी बघा.

दुसरी महत्त्वाची, आणि हीच वगळली जाते: स्थिर पाण्यात पुढे-मागे हलणारा सिलिंडर, रेनॉल्ड्स नंबर १००, क्यूलेगन-कार्पेंटर नंबर (व्यासाच्या मानाने सिलिंडर किती हलतो ते सांगणारा आकडा) ५. १९९८ साली ड्यूच आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने आणि गणनेने केलं. त्यात ड्रॅग गुणांक २.०९ आणि अॅडेड मासचा (शरीरासोबत हलवावं लागणाऱ्या पाण्याच्या वस्तुमानाचा) गुणांक १.४५ आला. तुम्हाला ड्रॅग बरोबर आणि अॅडेड मास २.४५ मिळाला, तर अभिनंदन. चूक कुठे आहे ते पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ७: बलाचा हिशोब

इमर्स्ड बाउंडरीत शरीराच्या जागीही पाणीच असतं, काल्पनिक. कोड त्याच्यावर एक जास्तीचं बल लावतो, म्हणजे ते पाणी शरीरासारखं हलतं. या बलाची शरीरभर बेरीज काढणं सोपं असतं. ती काढायची, चिन्ह उलटायचं, ‘पाण्याचं शरीरावरचं बल’ म्हणून छापायचं, असं जवळजवळ सगळे करतात.

त्या आतल्या पाण्याचा ताळेबंद मांडून बघा. त्याच्या संवेगाचा बदल दोन गोष्टींनी होतो: बाहेरचं पाणी सीमेवरून त्याला ढकलतं, आणि कोडचं लावलेलं बल. म्हणून:

बाहेरच्या पाण्याचं शरीरावरचं बल = आतल्या पाण्याच्या संवेगाच्या बदलाचा दर − लावलेल्या बलाची बेरीज.

उजवीकडचं पहिलं पद विसरलं जातं. स्थिर सिलिंडरमध्ये ते शून्य असतं, म्हणून पहिली चाचणी पास होते. हलत्या सिलिंडरमध्ये मात्र ते पद म्हणजे विस्थापित पाण्याचं वस्तुमान गुणिले त्वरण. विसरलात की अॅडेड मासच्या गुणांकात नेमका १ जास्त दिसतो. १.४५ चं २.४५ होण्याचं गुपित एवढंच.

ही चूक इतकी टिकाऊ का, तेही बघा. एका पूर्ण आवर्तनावर सरासरी काढली की संवेगाच्या बदलाचं पद आपोआप शून्य होतं, कारण आवर्तनाच्या शेवटी संवेग जिथल्या तिथे आलेला असतो. सरासरी थ्रस्ट बरोबर येतो. गाईड सरासरी बघतात, प्रबंध पास होतो. पण बलाची शिखरं, बाजूचं बल, बल आणि हालचालीतलं कालांतर सगळं चुकलेलं राहतं. मग कोणीतरी तेच बल घेऊन शेपटीची मोटर निवडतो.

विसरू नका: बलाची बेरीज आणि संवेगाचा बदल एकाच क्षणाचे हवेत. कोड बल अर्ध्या स्टेपवर देत असेल आणि फरक पूर्ण स्टेपवर काढला असेल तर थोडं कालांतर येतं. ते पॉवरमध्ये डोकं वर काढतं.

आता तीन झटपट चाचण्या.

बल पृष्ठभागावरच्या दाबावरून काढत असाल तर सगळीकडे दाबात १,००० मिळवा आणि पुन्हा काढा. बंद पृष्ठभागावर एकसारख्या दाबाचं एकूण बल शून्यच. आकडा हलला तर तुमचा पृष्ठभाग कुठेतरी उघडा आहे किंवा लंबदिशा चुकल्या आहेत.

शरीर स्थिर पाण्यात एकसमान वेगाने ओढा. मग तेच शरीर स्थिर ठेवून त्याच वेगाचा प्रवाह सोडा. बल तेच हवं.

शरीराभोवती एक मोठी चौकट आखा. चौकटीतल्या सगळ्या पाण्याच्या संवेगाचा बदल, कडांतून वाहून जाणारा संवेग, कडांवरचा दाब आणि घर्षण यांचा हिशोब करा. त्यातून निघणारं बल लावलेल्या बलाच्या बेरजेशी जुळलं पाहिजे. चौकट लहान-मोठी करूनही. माझ्या टेबलावर दोन्ही आलेख एकमेकांवर चढवल्याशिवाय पुढची चर्चा होत नाही.

## टप्पा ८: मोकळा मासा, आणि शून्याची भीती

‘सर, फोर्स झिरोच येऊन राह्यला, काहून ते समजत नाही,’ म्हणत एक पोरगा आला होता. आठवडाभर कोड उसवून बसलेला. त्याने माशाची घनता पाण्याइतकी धरली होती, मासा मोकळा सोडला होता, आणि लावलेल्या बलाची बेरीज छापत होता. वरचं समीकरण लावा: पाण्याचं बल म्हणजे माशाच्या संवेगाचा बदल, आतल्या पाण्याचं वस्तुमान माशाइतकंच, म्हणून त्याचा बदलही तेवढाच. बेरीज शून्य. त्याचा कोड अगदी बरोबर होता.

शिरगावकर, मॅकआयव्हर आणि पाटणकर यांच्या २००९ च्या पद्धतीसारख्या रचनांत हीच गोष्ट मुद्दाम वापरतात: शरीराच्या जागेतल्या पाण्याचा एकूण संवेग काढायचा, वस्तुमानाने भागायचं, तोच माशाचा वेग. बल वेगळं काढून न्यूटनच्या समीकरणात घालायची गरजच पडत नाही. बल हवं असेल तर माशाच्या संवेगाचा बदल काढा.

स्थिरावलेल्या वेगात सरासरी पुढचं बलही शून्य, कारण थ्रस्ट आणि ड्रॅग बरोबरीत. ‘मग थ्रस्ट किती?’ हा प्रश्न गाईड विचारणारच. एकच शरीर दोन्ही करतं, त्यामुळे वाटणी तुमच्या व्याख्येवर आहे. एक चालणारी व्याख्या: प्रत्येक क्षणी पृष्ठभागाचे जे तुकडे पुढे ढकलतात त्यांची बेरीज थ्रस्ट, मागे ओढणाऱ्यांची ड्रॅग. व्याख्या बदलली की कार्यक्षमतेचा आकडाही बदलतो. दोन शोधनिबंधांतल्या ‘कार्यक्षमता’ शेजारी ठेवण्याआधी त्यांच्या व्याख्या वाचा. मी स्वतः वेग, पॉवर आणि अंतरामागे लागणारी ऊर्जा एवढंच छापायला सांगतो.

## टप्पा ९: पृष्ठभागावर बल कुठे, किती

मार्कर बिंदूंवर (शरीराची कडा दाखवणाऱ्या बिंदूंवर) कोडने लावलेलं बल म्हणजे त्या ठिकाणचा दाब आणि घर्षण नव्हे. त्यात बाहेरच्या पाण्याचा ताण आणि आतल्या काल्पनिक पाण्याचा ताण यांची वजाबाकी मिसळलेली असते. एकूण बेरजेत ती टप्पा ७ च्या हिशोबाने सुटते. एकेका बिंदूवर सुटत नाही.

वाटणी हवी असेल तर पृष्ठभागापासून लंब दिशेने बाहेर जा. चार बिंदूंचा पेस्किन डेल्टा (मार्करचं बल आसपासच्या सेलवर पसरवणारं सूत्र) वापरत असाल तर त्याचा पसारा दोन सेलचा आहे, म्हणून निदान दोन सेल बाहेर. तिथून दाब आणि वेगाचा उतार घ्या आणि पृष्ठभागापर्यंत मागे आणा. मग या वाटणीची बेरीज एकूण बलाशी ताडून बघा. घर्षणाचा भाग ग्रिडला फार हळवा असतो; दाब जुळला म्हणून घर्षणही जुळलं असं धरू नका.

## टप्पा १०: शरीर खरंच लवचीक असेल तर

माशाची घनता पाण्याच्या जवळपास असते, हीच इथली अडचण. पाण्याचं अॅडेड मास शरीराच्या वस्तुमानाइतकं किंवा त्याहून जास्त होतं. अशा वेळी ‘आधी पाणी सोडव, बल दे, शरीर हलव, पुढची स्टेप’ अशी एकदाच देवाणघेवाण केली की गणना फुटते. टाइमस्टेप लहान केल्याने वाचत नाही. एका स्टेपमध्ये पाणी आणि शरीर जुळेपर्यंत अनेक फेऱ्या घ्या, प्रत्येक फेरीत नवी हालचाल थोडी आवरून, एटकेनच्या रीतीने (किती आवरायचं ते आधीच्या फेऱ्यांवरून ठरवत).

चाचणीला ट्युरेक आणि ह्रॉन यांचा २००६ चा सिलिंडरमागच्या लवचीक पट्टीचा प्रश्न वापरा. त्यातला तिसरा प्रकार, घनता समान आणि रेनॉल्ड्स नंबर २००, हा खरा कस लावतो: पट्टीच्या टोकाचं उभं हलणं १.४८ अधिक-उणे ३४.३८ मिलिमीटर, ड्रॅग ४५७.३ अधिक-उणे २२.६६ न्यूटन प्रति मीटर. दुसऱ्या प्रकारात घनता दहापट आहे, तिथे सैल जोडणीही (एका स्टेपला एकदाच देवाणघेवाण) तगून जाऊ शकते. दुसरा पास झाला म्हणून तिसरा सोडू नका.

## टप्पा ११: आकडे छापताना

सुरुवातीची आवर्तनं टाका. किती, ते मोजून ठरवा: लागोपाठच्या दोन आवर्तनांची सरासरी शेकड्यात एकाच्या आत येईपर्यंत. नंतर पूर्ण आवर्तनांवरच सरासरी. साडेतीन आवर्तनं घेतली तर टप्पा ७ मधलं पद पुन्हा घुसतं. डाव्या-उजव्या सारख्या हालचालीत बाजूचं बल शेपटीच्या वारंवारतेने हलतं आणि पुढचं बल दुप्पट वारंवारतेने. दोन्ही एकाच वारंवारतेने हलत असतील तर आकार किंवा सुरुवात कुठेतरी तिरकी आहे.

पॉवरमध्येही आतल्या पाण्याच्या गतिज ऊर्जेचा बदल वजा करायचा असतो, बलासारखाच. काही क्षणी पॉवर उणे येते, म्हणजे पाणी माशाला ढकलतंय. ते क्षण वजा धरले की शून्य धरले, हे लिहा.

गुणांकाचा भाजक स्पष्ट लिहा. द्विमितीत बल प्रति मीटर असतं. सिलिंडरला व्यास घेतात, माशाला लांबी. आणि निदान तीन ग्रिडवरचे निकाल द्या. द्विमितीत सेल निम्मा केला की टाइमस्टेपही निम्मा होतो आणि काम आठपट वाढतं, त्रिमितीत सोळापट. म्हणून तिसरी ग्रिड तारखेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून चालत नाही. भरड ग्रिड चालू असतानाच तिच्यासाठी मशीन धरून ठेवा.